समाजवादी राज्ये आणि लोकांचे गाणे



वसंत व्याख्यानमालेत हे रशियाचे पुराण कशाला, असे आजचा विषय वाचून काहींच्या मनात आले असेल. पण या सभागृहात पन्नाशीच्या पुढचे जे श्रोते आहेत, त्यांतल्या पुष्कळांच्या घरी लहानपणी मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तके असत. कागद जाड, चित्रे रंगीत आणि किंमत खाऊच्या पैशांत बसेल एवढी. कोंबडीच्या पायांवर उभी असलेली झोपडी, तीत राहणारी बाबा यागा ही चेटकीण, धाकटा आणि भोळा म्हणून घरात हसे होणारा इव्हान, ही मंडळी त्या पुस्तकांतून आपल्या माजघरात आली. ती निव्वळ परोपकारबुद्धीने पाठविली जात नव्हती, हे वडीलधाऱ्यांना तेव्हाही कळत होते. मुलांना त्याचे काही सोयरसुतक नव्हते. आम्हांला कुतूहल आहे ते निराळेच. ज्या राज्याने देवळे बंद केली, जुने सण मोडले, राजवंश संपविला, त्याला राजपुत्राच्या आणि चेटकिणीच्या गोष्टी इतक्या प्रिय कशा झाल्या? आणि झाल्या त्या कोणत्या अटींवर?

प्रारंभी त्या प्रिय नव्हत्या. १९१७ च्या क्रांतीनंतर जी नवी मंडळी पुढे आली, त्यांत कामगारांची शुद्ध नवी संस्कृती प्रयोगशाळेतल्या रसायनासारखी तयार करता येईल असे मानणारा एक जहाल पक्ष होता. त्याच्या लेखी परीकथा म्हणजे मुलांच्या डोक्यात भरलेला केरकचरा. १९२८ साली लेनिनच्या पत्नी क्रुप्स्काया यांनी 'प्रावदा' पत्रात चुकोव्हस्कीच्या 'मगर' या बालकाव्यावर कडक टीका केली. मगरीने रस्त्यावर फिरावे आणि माणसासारखे बोलावे, यात मुलांना सृष्टिज्ञान काय मिळणार, हा त्यातला एक आक्षेप. आपल्याकडे पंचतंत्राच्या कर्त्याला कोणी हा प्रश्न विचारला नाही, हे त्याचे भाग्य.

गंमत अशी की अभ्यासाला ही वर्षे वाईट नव्हती. त्याच १९२८ साली लेनिनग्राडमध्ये व्लादिमिर प्रॉप नावाच्या तिशीतल्या शिक्षकाने 'परीकथेचे रूपविज्ञान' हे लहानसे पुस्तक काढले. अफनास्येव्हच्या संग्रहातल्या शंभर कथा घेऊन, पात्रे कितीही बदलली तरी घटनांची साखळी एकच असते, असे त्याने दाखविले. कोणी घर सोडते, कोणी मनाई मोडते, कोणी जादूची वस्तू देते, कोणी खलाला हरविते. अशी एकंदर ३१ कृत्ये आणि तीही ठरलेल्या क्रमाने. आज जगात कोठेही लोककथेचा वर्ग चालत असला तरी प्रॉपचे नाव पहिल्या आठवड्यातच निघते. त्याचे पुढे काय झाले ते ओघात येईल.

वारा फिरला तो १९३४ च्या ऑगस्टमध्ये. मॉस्कोला सोव्हिएट लेखकांचे पहिले अधिवेशन भरले आणि मुख्य भाषण मॅक्झिम गॉर्की यांनी केले. त्यांच्या प्रतिपादनाचे सार असे की, लोकसाहित्य ही कष्टकऱ्यांची निर्मिती आहे. ज्यांचे आयुष्य हालअपेष्टांत गेले, त्यांच्याच गाण्यांत निराशा नाही. तेव्हा लेखकांनो, हे गोळा करा आणि यापासून शिका. हे बोलताना गॉर्की पक्षाची तळी उचलीत होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांचे बालपण आजीच्या गोष्टींवर पोसले होते. १८९६ साली निझ्नी नॉव्हगोरोडच्या प्रदर्शनात इरिना फेदोसोव्हा या म्हाताऱ्या, निरक्षर शेतकरणीचे शोकगीत ऐकून ते हलून गेले होते आणि त्यावर त्यांनी लिहिलेही होते. त्या अधिवेशनात दागिस्तानातला सुलेमान स्ताल्स्की हा निरक्षर कवी व्यासपीठावर आला, तेव्हा गॉर्कींनी त्याला विसाव्या शतकातला होमर म्हटले. प्रेम खरे होते. पण मोठ्या माणसाने केलेले कौतुक सरकारी कचेरीत पोहोचले म्हणजे त्याचे परिपत्रक होते, आणि येथे तसेच झाले.

दोनच वर्षांत त्याचा प्रत्यय आला. रशियन लोकांत 'बिलिना' नावाची वीरगीते आहेत. कीव्हचा राजा व्लादिमिर, त्याच्या दरबारचे इल्या मुरोमेत्स, दोब्रिन्या, आल्योशा हे वीर, आणि त्यांचे पराक्रम. १९३६ साली देम्यान बेद्नी या पक्षाच्या लाडक्या कवीने या वीरांची टवाळी करणारे एक संगीत नाटक रचले आणि मॉस्कोच्या कामेर्नी नाटकगृहात ते लागले. वीर दारूडे, कीव्हचा ख्रिस्ती धर्मस्वीकार हा एक फार्स, असा सगळा थाट. धर्मविरोधी सरकारला हे आवडेल, अशी बेद्नीची कल्पना असणार. नाटक नोव्हेंबरात बंद पडले. बंदीच्या कारणांत ही दोन होती : लोकांच्या वीरांची विटंबना केली, आणि धर्मस्वीकार ही त्या काळी पुढे नेणारी घटना असताना तिचे विकृत चित्र काढले! जर्मनीत हिटलर येऊन तीन वर्षे झाली होती आणि रशियाला आता वीरांची गरज पडणार होती, ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे या कोलांटउडीचा उलगडा होतो.

अडचण पंडितांचीही झाली. वीरगीते मूळची राजे-सरदारांच्या परिवारात रचली गेली आणि पुढे खेड्यांत उतरली, असे मत व्हसेव्हलोद मिल्लर यांच्या परंपरेतले विद्वान क्रांतीच्या आधीपासून मांडीत आले होते. ते बरोबर की चूक हा वादाचा विषय आहे, आणि वाद पुराव्याने सुटायचा असतो. येथे तो एका नाटकावरच्या बंदीने सुटला. युरी सोकोलोव्ह यांच्यासारख्या थोर अभ्यासकाला आपले जुने मत फिरवावे लागले. १९३८ साली त्यांचे 'रशियन लोकसाहित्य' हे पाठ्यपुस्तक निघाले. ते आजही वाचनीय आहे. पण त्यात सोव्हिएट लोकसाहित्याचे एक प्रकरण आहे, आणि त्या प्रकरणाशी पोहोचताच वाचकाला एकदम हवा बदलल्यासारखी वाटते.

ही हवा कशी तयार होत होती, हे पाहण्यासाठी एका बाईंची हकीकत सांगितली पाहिजे. उत्तरेला, श्वेत समुद्राच्या काठी, झिम्न्याया झोलोतित्सा नावाचे कोळ्यांचे गाव आहे. मार्फा क्र्युकोव्हा तेथल्या. जन्म १८७६ चा. त्यांची आई आग्राफेना मोठी गायिका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मार्कोव्ह नावाचा तरुण संशोधक त्या गावी आला आणि त्याने आईची वीरगीते उतरून घेतली. मुलीचीही थोडी घेतली. पुढे चाळीस वर्षे कोणी फारसे विचारले नाही. नंतर १९३७ च्या सुमारास संग्राहक पुन्हा पोहोचले, तेव्हा त्यांना साठीची एक बाई भेटली, जिला शेकडो गीते तोंडपाठ होती आणि जी अडली तर तेथल्या तेथे जोडून घेई. १९३९ आणि १९४१ साली तिच्या बिलिनांचे दोन जाड खंड निघाले. कार्य सुरेखच म्हणायचे.

पण तिला दुसरेही काम सांगण्यात आले. या वीरगीतांना गाणारे लोक 'स्तारिना' म्हणत, म्हणजे जुनी गोष्ट. आता 'नोविना' हव्या होत्या, म्हणजे नव्या गोष्टी. व्हिक्तोरिन पोपोव्ह नावाचे एक लेखक तिच्या मदतीला दिले गेले. ते तिला नव्या पुढाऱ्यांची चरित्रे वाचून दाखवीत आणि ती ते इल्या मुरोमेत्सच्या चालीवर आणि शब्दकळेत बसवी. तिला मॉस्को दाखविले, लेनिनची समाधी दाखविली. १९३७ साली तिची 'लेनिनची कथा' प्रसिद्ध झाली. ध्रुवप्रदेशाचे संशोधक ओटो श्मिट यांना लांब दाढी होती. १९३४ साली बर्फात बुडालेल्या चेल्युस्किन जहाजामुळे ते साऱ्या देशाला माहीत झालेले. क्र्युकोव्हाबाईंनी त्यांचा 'गुडघादाढी' नावाचा वीर केला. आम्ही हे वाचले तेव्हा हसू आले, आणि मग जरा वाईटही वाटले. कारण त्या दाढीत तिची खरी प्रतिभा दिसते. कागदी चरित्रातून गाण्याला लागेल अशी एकच वस्तू तिने अचूक उचलली. लेखकसंघाने तिला सभासद करून घेतले. पाठ्यपुस्तकांत या नोविना लोकांची निर्मिती म्हणून छापल्या गेल्या.

यात बाईंचा दोष किती? तुकडा टाकला म्हणून गायिली, असे म्हणणारे पुढे निघाले. आम्हांला ते पटत नाही. तिचे कोणी ऐकत नव्हते आणि एकाएकी सारा देश ऐकू लागला. जिचे आयुष्य गाण्यात गेले तिला यापेक्षा मोठे आमिष कोणते? दोष असलाच तर मागणाऱ्याचा. बिलिना ही जात्याच जुन्या काळाविषयीची रचना. गाणारा आणि ऐकणारा दोघेही ती झालेली, संपलेली, पूर्वजांची हकीकत म्हणून मानतात. तिच्यात कालचे वर्तमानपत्र घातले की चाल राहते आणि विश्वास जातो. गावकऱ्यांनी या नोविना आपसात गायल्या, मुलांनी आईकडून उचलल्या, असे घडले नाही.

कझाकस्तानच्या झांबुल झाबायेव्हची गोष्ट वरवर पाहता हीच. पण आमच्या मते ती वेगळी आहे. हा 'अकिन' म्हणजे दोन तारांचे दोंब्रा घेऊन समोरासमोर सवाल-जवाब करणारा शीघ्रकवी. जन्म १८४६ चा. १९३६ साली मॉस्कोत कझाक कलेचा महोत्सव झाला, तेव्हा नव्वद वर्षांचा हा म्हातारा एका रात्रीत प्रसिद्ध झाला. पुढली नऊ वर्षे त्याच्या नावाने स्टॅलिनवर, राज्यघटनेवर, सेनापतींवर कवने निघत राहिली. १९४१ साली त्याला स्टॅलिन पारितोषिकही मिळाले. त्याच्या दिमतीला लेखनिक होते. देश वाचीत होता तो त्याची रशियन भाषांतरे, आणि त्यांत म्हाताऱ्याचे किती आणि भाषांतरकारांचे किती हा संशय तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे. पण अकिनाची परंपराच मुळी समोरच्या मोठ्या माणसाची स्तुती करण्याची. काल खान होता, आज पक्षाचा चिटणीस. आपल्या शाहिरांनी पेशव्यांची आणि सरदारांची कवने केली, बिदागी घेतली; त्यांना कोणी ढोंगी म्हणत नाही. पोवाडा ताज्या घटनेवरच चढतो. क्र्युकोव्हाबाईंवर जे लादले गेले, ते झांबुलच्या कलेत आधीपासूनच होते.

त्यातली भयानकता निराळी होती. १९३७ साली गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह याच्यावर झांबुलचे स्तोत्र छापले गेले. त्या वर्षी लक्षावधी माणसे त्याच्याच खात्याने नाहीशी केली. १९३९ मध्ये येझोव्ह स्वतः पकडला गेला, १९४० मध्ये त्याला गोळी घालण्यात आली, आणि ते गाणे पुस्तकांतून उडाले. ज्या पक्षचिटणीस मिर्झोयानच्या कारकिर्दीत झांबुल मॉस्कोला गेला, त्याच्या नावे औलिये-आता या शहराला १९३६ साली मिर्झोयान म्हणू लागले होते. १९३८ साली तो गृहस्थ अटकेत पडला आणि शहराला नवे नाव मिळाले ते झांबुल. आज ते तराझ आहे. एका पिढीत एवढी बारशी झालेले गाव आपल्याला दुसरे सहज सापडणार नाही.

आणि तरीही १९४१ च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला वेढा पडला, तेव्हा याच म्हाताऱ्याचे लेनिनग्राडकरांना 'माझ्या लेकरांनो' म्हणून साद घालणारे कवन त्या शहराच्या भिंतींवर लागले. तेथल्या लोकांनी ते उभे राहून वाचले, काही रडले. त्यांच्या आठवणी आहेत. फर्माइशीचे गाणे खोटेच असते, असा सिद्धान्त बांधू पाहणाऱ्याने या भिंतीपाशी थोडे थांबावे.

येथे महाराष्ट्राचा धागा येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. स्टॅलिनग्राडच्या लढाईवर १९४३ साली मराठीत पोवाडा झाला, तो अण्णा भाऊ साठे यांनी केला. वाटेगावच्या मातंग कुटुंबातला, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेला, मुंबईत मिळेल ते काम करणारा हा तरुण. पोवाडा पुढे रशियन भाषेत गेला. १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, आणि १९६१ साली ते रशियाला जाऊन आले. त्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिले. पक्ष तोच, विषय तोच, लोककलेचा वापरही तोच. मग क्र्युकोव्हाबाईंच्या नोविना मेल्या आणि अण्णा भाऊंचे गाणे चाळीत आणि मैदानात चालले, याचे कारण काय? एक तर पोवाड्याची जात, ती आम्ही सांगितली. दुसरे असे की येथे फर्माईश करणारे सरकार नव्हते. सरकार बंदी घालणाऱ्या बाजूला होते. ऐकणाऱ्याला आवडले नाही तर तो उठून जाऊ शकत होता. मॉस्कोच्या सभागृहातून उठून जाणे इतके सोपे नव्हते.

याच काळात रशियन लोक खरोखर काय रचीत होते? विनोद रचीत होते. रांगेवर, सामुदायिक शेतीवर, पुढाऱ्यांवर. 'चस्तुश्का' नावाची चार चरणांची चावट गाणी रचीत होते; त्यांत सामुदायिक शेतीला शिव्या देणारी पुष्कळ होती. छावण्यांत कैद्यांची गाणी निर्माण होत होती. एका तोंडातून दुसऱ्या तोंडी जाणारे, कर्त्याचे नाव नसलेले, रोज बदलणारे. लोकसाहित्याचे कोणतेही लक्षण लावा, ते या विनोदांना लागू पडते. पण दंडसंहितेच्या ५८ व्या कलमाखाली असा विनोद सांगणारा वर्षानुवर्षे छावणीत जाई. मग तो टिपून ठेवणारा अभ्यासक कोठून मिळणार? धार्मिक गाणीही अशीच वाऱ्यावर गेली. त्या पिढीतल्या संग्राहकांनी गोळा केलेल्या ढिगाऱ्यापेक्षा त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले ते अधिक मोलाचे होते, असे आम्हांला वाटते. त्यातले थोडेफार छापले गेले ते १९८५ नंतर, आठवणारे म्हातारे झाल्यावर.

युद्ध संपल्यावर पंडितांवर पुन्हा संक्रांत आली. परदेशी ग्रंथांचा दाखला देणे म्हणजे देशद्रोहाच्या शेजारची गोष्ट ठरली. प्रॉपने १९४६ साली 'परीकथेची ऐतिहासिक मुळे' हा ग्रंथ काढला होता. त्यात इंग्रजी-जर्मन पुस्तकांचे उल्लेख फार, म्हणून त्यांना धारेवर धरले. मार्क आझादोव्हस्की यांनी सैबेरियातल्या एकाच कथेकरणीच्या कलेवर अभ्यास करून, कथा सांगणाऱ्या व्यक्तीला शास्त्रात जागा मिळवून दिली होती. त्यांना १९४९ साली लेनिनग्राड विद्यापीठातून काढले. ते १९५४ साली वारले. प्रॉप टिकले. त्यांच्या 'रूपविज्ञाना'चे १९५८ साली इंग्रजी भाषांतर झाले, जग त्यांच्या पायाशी आले, आणि मायदेशी दुसरी आवृत्ती निघाली ती १९६९ साली, पहिलीनंतर ४१ वर्षांनी. पुढल्या वर्षी ते गेले.

मध्य आशियाच्या महाकाव्यांचे हाल आणखी नमुनेदार. आधी प्रत्येक गणराज्याला स्वतःचे महाकाव्य हवे म्हणून ती शोधून काढली, गायकांना पगार दिले. १९५१-५२ साली तीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली. अझरबैजानात 'देदे कोर्कुत', उझबेकिस्तानात 'अल्पामिश' सरंजामी आणि प्रतिगामी ठरली. किर्गिझांचे 'मानस' म्हणजे सयाकबाय कारालायेव्ह या गायकाच्या मुखातून उतरलेल्या पाठाच्या पाच लाखांच्या आसपास ओळी. महाभारताशी तुलना व्हावी असा प्रकार. १९५२ साली फ्रुंझे शहरात, म्हणजे आजच्या बिश्केकमध्ये, त्याच्यावर रीतसर परिषद भरली. कझाक लेखक मुख्तार औएझोव्ह 'मानस'च्या बाजूने उभे राहिले आणि ग्रंथ बचावला. काही किर्गिझ अभ्यासक त्याआधीच तुरुंगात गेले होते. 'अल्पामिश'ची सुटका १९५६ ला ताश्कंदच्या चर्चेत झाली. कारालायेव्ह गात राहिले. त्यांना असल्या परिषदांतून उत्तर देण्याची सवड नव्हती.

इतर समाजवादी देशांचे सगळेच सांगत बसत नाही. मासला तोच आहे. चीनमध्ये १९५८ साली गावागावांना कवितांचे आकडे ठरवून दिले गेले, आणि त्या महापुरातून तीनशे गाणी निवडून 'लाल निशाणाची गीते' हा संग्रह झाला. त्याच्या आदल्याच वर्षी चिनी लोकसाहित्याचे जाणकार चुंग चिंग-वेन यांना 'उजवे' म्हणून बाजूला सारण्यात आले होते. बल्गेरियात फिलिप कुतेव्ह यांनी १९५१ साली खेड्यातल्या बायकांना एकत्र आणून सरकारी गायनवृंद केला, त्यांच्या गाण्याला नवी स्वरयोजना दिली. त्याला लोकगीत म्हणावे की नाही हा वाद सोडा. ऐकायला ते अपूर्व आहे, आणि त्या धर्तीच्या ध्वनिमुद्रिका पुढे जगभर गाजल्या. मात्र १९८४-८५ च्या हिवाळ्यात त्याच देशात तुर्की वंशाच्या नागरिकांची नावे सक्तीने बदलली गेली आणि त्यांची गाणी चारचौघांत वाजविणे बंद झाले. लोकगीताचा गौरव चालूच होता. फक्त लोक कोण, हे सरकार ठरवीत होते.

चांगले काही झालेच नाही काय? झाले, आणि तेही त्याच विचारसरणीतून. पूर्व जर्मनीत वोल्फगांग श्टाइनिट्स नावाचे पंडित होते. ज्यू, कम्युनिस्ट, हिटलरमुळे परागंदा झालेले, रशियातूनही १९३७ साली बाहेर पडावे लागलेले. त्यांनी १९५४ आणि १९६२ साली दोन खंड काढले : सहा शतकांतली, शेतकऱ्यांनी, विणकरांनी, जबरीने भरती झालेल्या सैनिकांनी मालकांविरुद्ध आणि राजांविरुद्ध रचलेली जर्मन गाणी. जुन्या संग्राहकांनी ही गाणी गुळमुळीत करून छापली होती किंवा गाळली होती. दडपलेले गाणे शोधा, हा आग्रह मार्क्सवादी अभ्यासकाचा; आणि पुरावा मात्र त्यांनी तसूभर वाकविला नाही. पुढे पश्चिमेतली आणि पूर्वेतलीही तरुण मुले याच खंडांतून गाणी उचलू लागली. सैन्यातून पळालेल्या शिपायाचे जुने गाणे पूर्व बर्लिनमध्ये गायले गेले म्हणजे ते कोणत्या शतकाविषयी आहे, हे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नसे.

हंगेरीत तर तरुणांनी वादच घातला नाही. सरकारी नृत्यपथकांत नाचणाऱ्यांनाच त्या झगमगाटाचा कंटाळा आला. १९७२ च्या मे महिन्यात बुडापेस्टमध्ये पहिले 'नृत्यघर' भरले. प्रेक्षक नाहीत, रंगमंच नाही, येणाऱ्याने नाचायचे. नाच कोठले, तर ट्रान्सिल्वेनियातल्या सेक या खेड्यातले, जेथे ते अजून लग्नकार्यात नाचले जात. ही मुले वादक होऊन तेथल्या म्हाताऱ्या वादकांच्या घरी जाऊन राहिली, बोट कसे ठेवायचे ते पाहून आली आणि शहरातल्या दिवाणखान्यांत ते दुसऱ्यांना शिकवू लागली. रुमानियाच्या पोलिसांना त्यांचे जाणेयेणे रुचत नव्हते आणि हंगेरीचे अधिकारीही त्यांच्याकडे संशयाने पाहत. पण एकत्र नाचणाऱ्यांना पकडायचे कोणत्या कलमाखाली? नृत्यघरे १९८९ च्या सत्तांतरानंतरही चालू राहिली, आणि २०११ साली युनेस्कोने या पद्धतीची नोंद घेतली. सेकच्या बायका लाल आणि काळ्या पोशाखात नाचतात. बुडापेस्टच्या मुली मात्र तेव्हाही निळ्या जीनमध्येच नाचल्या.